ऐकणाऱ्यांचं देणं

निपाणीत आमच्या घरी फोन नव्हता. तरी आण्णांच्या मालकाच्या वहीत आमच्या नावापुढं एक नंबर होता आणि नंबराशेजारी ‘पी.पी.’ ही दोन अक्षरं. तो नंबर गल्लीच्या तोंडाला असलेल्या किराणा दुकानाचा. आण्णा, माझे वडील, ट्रक चालवायचे. वखारीतनं तंबाखूची पोती भरून गाडी निघाली की कधी सोलापूर, कधी सिन्नर, कधी पार कामठी. गेले की गेले. वाटेत एखाद्या एसटीडी बूथवरनं ते दुकानात फोन करायचे, आणि दुकानदारमामा गल्ला बंद करून, चपला सरकवून स्वतः आमच्या दारात यायचे.

“वैनी, गाडी सोलापुरात पोचली. उद्या सकाळी खाली हुईल, मग परत फिरत्यात.”

आई उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असायची. ती मान हलवायची. हात थांबायचे नाहीत. पण त्या दिवशी ती नीट जेवायची. फोन येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे, हे मला पुष्कळ मोठं झाल्यावर समजलं. गाठीला पैसा नसलेल्या माणसांचे निरोप पोचवायचं काम मामांनी वर्षानुवर्षं केलं. त्याचा त्यांनी कधी एक रुपया घेतला नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी ते “आलोच” म्हणून बाहेर पडायचे.

आज माझ्या मोबाईलवर एक ॲप आहे. बेळगावहून निपाणीला जाताना ते सुरू केलं की मी कुठं आहे हे दर थोड्या वेळानं हवेत सांगितलं जातं, आणि ज्याला ते ऐकू येईल तो नकाशावर माझी खूण बघू शकतो. त्यातनं छोटे निरोपही जातात. मोबाईल कंपनीचं नेटवर्क लागत नाही, रिचार्ज लागत नाही. लागतो तो हौशी रेडिओचा परवाना, एक हातातला वायरलेस संच आणि पलीकडं ऐकणारं कुणीतरी. या तिन्ही गोष्टी मला ज्यांच्यामुळं मिळाल्या, त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

त्यातले पहिले सुभेदारकाका. मी नोकरीसाठी बेळगावला आले तेव्हा गणेशपूरला खोली घेतली. गणेशपूर-हिंडलगा भागात दर दोन-चार घरांमागं एक निवृत्त फौजी राहतो. आमच्या मागच्या घराच्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एक मोठा सांगाडा उभा होता. टीव्हीची अँटेना म्हणावी तर फारच मोठी. मी हायस्कूलला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळं विचारल्याशिवाय राहवेना. काकांनी वर बोलावलं. खोलीत एक जुनं टेबल, त्यावर रेडिओ, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि सागवानी पाटीवर बसवलेली मोर्सची पितळी की. काका मूळचे चंदगडकडचे. सैन्यात सिग्नल्समध्ये होते, जबलपूरला शिकले. ‘तीव्र चौकस’ हे त्या कोअरचं ब्रीद. काका कुठलंही काम करताना त्याला जागायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढला आणि रोज संध्याकाळी हवेवर बसू लागले.

मला वाटलं, ते लगेच माइक हातात देतील. त्यांनी हेडफोन दिला.

“आधी ऐक गे. ह्या पावसाळाभर नुसतं ऐकायचं. कोण कुठनं बोलतंय, कुणाचा आवाज कुठल्या वेळेला पडतो, कुठला उठतो, हे कानाला कळूदे. बोलायला काय, कुणीबी बोलतंय.”

बेळगावचा पावसाळा काही लहान नसतो. बाहेर धो धो पाऊस आणि कानात जगभरची खरखर. त्या खरखरीतून हळूहळू मला माणसं ओळखू यायला लागली. चेन्नईचे एक आजोबा रोज ठरल्या वेळी येत, कोट्टायमचे कुणी हवा कशी आहे ते सांगत. काकूंनी केलेले पोहे तिथंच टेबलाच्या कडेला ठेवलेले असायचे. मोर्सही काकांनीच शिकवला. अक्षर डोळ्यापुढं आणायचं नाही, टिंब आणि रेघ मोजायची नाही, सगळ्या अक्षराची मिळून एक चाल कानात बसवायची, ही त्यांची पद्धत. जनरल श्रेणीच्या परीक्षेला मिनिटाला ८ शब्दांचा वेग लागायचा. काकांनी माझ्याकडून त्याहून जास्त करून घेतला, कारण “परीक्षेच्या दिवशी हात थरथरतोच.” बेंगळुरूला जाऊन परीक्षा दिली. बऱ्याच महिन्यांनी परवाना आला, त्यावर व्हीयू २ नं सुरू होणारी माझी खूण, म्हणजे कॉल साइन. काकांनी तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि काकूंना म्हणाले, “साखर आण.”

एपीआरएसचं नाव मी त्यांच्याचकडून ऐकलं. ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टीम. ती अमेरिकेतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी उभी केली. त्यांची हॅमची खूण डब्ल्यूबी ४ एपीआर होती. १९८२ साली नौदलाच्या जहाजांची ठिकाणं नकाशावर दाखवायला त्यांनी ॲपल संगणकावर पहिला प्रोग्रॅम लिहिला. १९८४ मध्ये शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत घोडे कुठवर आले हे कळवायला तीच कल्पना वापरली. आज जे नाव आहे ते १९९२ पासूनचं. काकांना त्या घोड्यांच्या शर्यतीचं फार अप्रूप. “बघ, लढाईतलं शास्त्र जत्रेच्या कामाला आलं,” म्हणायचे. ब्रुनिंगा फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. ते आयुष्यभर एक गोष्ट सांगत राहिले : ही गाड्यांचा माग काढायची यंत्रणा नाही. आसपासच्या माणसांना आत्ता, या घटकेला काय चाललंय ते एकमेकांना कळावं म्हणून ती आहे. हे वाक्य नीट समजलं नाही तर एपीआरएस म्हणजे नकाशावर फिरणारं एक चित्र एवढंच उरतं.

आधी या कामाला वेगळी पेटी लागायची. टीएनसी म्हणतात तिला. ती महाग, इकडं मिळायची नाही. मग अँड्रॉइडसाठी एपीआरएसड्रॉइड हे ॲप आलं. गेऑर्ग लुकास नावाच्या एका जर्मन हॅमनं ते लिहिलं आणि त्याचा सोर्स कोड जगासाठी उघडा ठेवला. या माणसाला मी कधी भेटलेली नाही, भेटणारही नाही. पण एका शिक्षिकेच्या पगारात जे बसलं नसतं ते त्याच्यामुळं बसलं. त्याचं देणं माझ्यावर आहेच.

ॲप करतं ते असं. फोनमधल्या जीपीएसकडून अक्षांश-रेखांश घेतं, त्याला माझी खूण जोडतं, गाडीचं किंवा चालणाऱ्या माणसाचं चिन्ह जोडतं, आणि दोन शब्द लिहिले असतील तर तेही. मग या सगळ्याचा आवाज करतं. १२०० आणि २२०० हर्ट्झ असे दोन सूर, सेकंदाला १२०० बिट या वेगानं आलटून पालटून. ऐकायला ती एक छोटीशी खरखरीत किरकिर, सेकंदभराचीसुद्धा नाही. हा आवाज हेडफोनच्या भोकातनं केबलनं हातातल्या संचात जातो आणि संच तो दोन मीटरच्या पट्ट्यात हवेवर सोडतो. संच आवाज ऐकूनच स्वतःला चालू करतो. तो जागा होईपर्यंत पॅकेटचं डोकं कापलं जाऊ नये म्हणून ॲपमध्ये सुरुवातीचा बिनकामाचा भाग थोडा लांबवावा लागतो. फोनचा आवाज फार मोठा झाला तर सूर फाटतात, फार लहान झाला तर पलीकडं काही उमटत नाही. आमच्या जोडणीत तो निम्म्याच्या जरा वर ठेवला की बसतो. आणि फोन कायम विमान मोडवर. नाहीतर कुणाचा मेसेज आला की त्याची ‘टिंग’सुद्धा हवेवर जाते. जीपीएस विमान मोडवरही चालतं. फोनच्या सगळ्या रेघा गेलेल्या असताना त्याच फोननं आपलं ठिकाण बेळगावला पोचवावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

अँटेना आम्ही छत्रीच्या काड्यांची केली. बेळगावात पावसाळा संपताना मोडक्या छत्र्यांना तोटा नसतो. दोन मीटरच्या पट्ट्यात पाव तरंगलांबीची काडी साधारण ४९ सेंटिमीटर भरते. छत्रीची काडी त्याहून थोडी लांब, म्हणजे कापून बरोबर करता येते. एक काडी मधोमध उभी, चार खाली तिरक्या. पोलादाला डाग नीट बसत नाही, म्हणून काकांनी काड्यांची टोकं वाकवून नट-बोल्टनं आवळली आणि सांध्यावर मेण ओतलं. त्या अँटेनेनं मी आजवर जेवढं काम केलंय तेवढं नंतर विकत आणलेल्या अँटेनेनं केलं नाही.

आता पुढचा भाग. माझ्या संचाची ताकद थोडी, आणि वाटेत डोंगर. म्हणून मध्ये डिजिपीटर लागतो. उंचावर बसलेलं एक केंद्र, जे पॅकेट ऐकतं आणि जसंच्या तसं पुन्हा हवेवर टाकतं. तिथून आयगेट नावाचं दुसरं केंद्र ते उचलून इंटरनेटवर घालतं, आणि मग हेइक्की हन्निकाइनेन या फिनलंडच्या हॅमनं चालवलेल्या एपीआरएस डॉट एफआयच्या नकाशावर ते जगात कुठूनही दिसतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दुकानदारमामाच आठवले. डिजिपीटर म्हणजे हवेतला पी.पी. नंबर. निरोप आपला नाही, त्यात आपला फायदा नाही, पण कानावर आला म्हणून तो पुढं पोचवायचा. जगभर हे डिजिपीटर आणि आयगेट कुणी ना कुणी हॅम स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या वीजबिलावर चालवतो. पाठवणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचं नावही ठाऊक नसतं.

ठिकाणाच्या पॅकेटची पोच येत नाही. ते सोडून द्यायचं, कुणी ऐकलं तर ऐकलं. निरोपाचं मात्र वेगळं. निरोप ६७ अक्षरांत बसवायचा, त्याला ॲप एक क्रमांक लावतं, आणि समोरच्याच्या ॲपकडून पोच आली की पुढं खूण उमटते. पोच नाही आली तर ॲप वाढत्या अंतरानं पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. देवनागरीतलं एक अक्षर तीन बाइट खातं आणि जुन्या संचांना ते दिसतही नाही, म्हणून आम्ही मराठी रोमन लिपीत लिहितो.

काकांचे कान गेले ते या सगळ्याच्या मधल्या काळात. तोफांच्या शेजारी काढलेली वर्षं आणि वय, दोन्ही मिळून. आधी हलके आवाज गेले, मग मोर्स. आयुष्यभर ज्याच्या कानावर पलटणी विसंबल्या त्या माणसाला चार फुटांवरनं काकूंनी मारलेली हाक ऐकू येईना. यंत्र लावून बघितलं, पण त्या यंत्रात खरखर आणि सूर वेगळे होत नसत. संध्याकाळी ते रेडिओपुढं बसायचे, हेडफोन लावायचे, आणि थोड्या वेळानं काढून ठेवायचे. बोलत नसत. काकूंनी एकदा मला जिन्यात गाठून सांगितलं, “हे आता गच्चीवर जायला नको म्हणतात.”

मी त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर डायरवुल्फ हा प्रोग्रॅम घातला, त्यांचा रेडिओ त्याला जोडला, आणि एका जुन्या फोनवर तेच ॲप, अक्षरं मोठी करून. यात कानाचं काही काम नव्हतं. आवाज यंत्र ऐकणार, काका वाचणार. मी शाळेच्या मैदानावर गेले आणि तिथनं पाठवलं, “काका, चहा झाला का?” रोमन लिपीतले ते शब्द त्यांच्या पडद्यावर उमटले. माझ्या फोनवर पोच आली. मग बराच वेळ काही नाही. त्यानंतर उत्तर आलं : “झाला. तुझा सिग्नल चांगला. मैदानाच्या कडेला ये, झाडाखाली आहेस.” नकाशावर माझी खूण त्यांना दिसत होती.

त्या दिवसापासून काका पुन्हा रोज टेबलाशी बसायला लागले. सकाळी त्यांचं पॅकेट निघायचं, त्यात हवामान : “गणेशपूर, धुकं, वारा पश्चिमेचा.” फौजेत असतानाची सवय. जगभरच्या हॅमशी ते इंटरनेटच्या वाटेनं निरोपांवर बोलू लागले. एप्रिल २०१९ मध्ये तर ते नवतरुणच झाले होते. १ एप्रिलला इस्रोनं पीएसएलव्ही सी-४५ सोडलं. मुख्य उपग्रह एमिसॅट. पण यानाचा चौथा टप्पा फेकून न देता ४८५ किलोमीटरवर फिरत ठेवला होता, आणि त्यावर ॲमसॅट इंडियाचा एपीआरएस डिजिपीटर होता. आपल्या देशातल्या हॅमनी बनवलेला. अंतराळस्थानकावरचा डिजिपीटर ज्या १४५.८२५ मेगाहर्ट्झवर चालतो, त्यावरच. तो डोक्यावरून जायची वेळ काढून काका गच्चीवर आडवी अँटेना हातात धरून उभे राहिले, आणि मी फोन धरून. पडद्यावर पॅकेट उतरलं तेव्हा काकांनी चष्मा वर करून ते अगदी जवळ नेऊन वाचलं. मग आकाशाकडं बघून सलाम ठोकला. शाळेतल्या दोन मुली तेव्हा माझ्याबरोबर होत्या. त्यातली एक आता हॅम आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला. त्याबद्दल सविस्तर सांगायला हवं.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी ती ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीला पुण्याचा महामार्ग पाण्याखाली, इकडं निपाणीच्या पुढं यमगर्णीला वेदगंगा रस्त्यावर. उत्तरेकडं जाणाऱ्या गाड्या जिथल्या तिथं थांबल्या. मी निपाणीला आईकडं आलेली होते. तवंदी घाटातसुद्धा ट्रकची रांग लागलेली मी बघितली. ड्रायव्हर लोकांचे फोन बंद पडत चालले होते. कुणाची बॅटरी संपलेली, कुणाला रेंज नाही, रेंज आली तर फोन लागत नाही. गावातली माणसं पिठलं-भाकरी, भात घेऊन रांगेत फिरत होती. आण्णा तोवर निवृत्त झालेले. ते रांग बघून आले आणि गप्प बसले. मग म्हणाले, “ह्यांच्या घरी कोण सांगणार?”

निपाणीतनं बेळगावला पॅकेट जात नाही. मध्ये तवंदीचा डोंगर आडवा. पण घाटमाथ्यावर उभं राहिलं की गणेशपूरच्या काकांच्या अँटेनेपर्यंत वाट मोकळी होते, हे मला आधीपासून ठाऊक होतं. एरवी हॅमला तिसऱ्या माणसाचे निरोप नेता येत नाहीत. नैसर्गिक आपत्तीत मात्र त्याची मुभा आहे. मी आणि आण्णा स्कूटरवरनं घाट चढलो. छत्रीच्या काड्यांची अँटेना एका बांबूला बांधली, बांबू एका ट्रकच्या टपाला. ट्रकवाल्यानं स्वतःहून दोर काढून दिला. आण्णा माझ्या फोनवर छत्री धरून उभे राहिले.

पहिला निरोप काकांनाच : “तवंदीवर आहे. ड्रायव्हरांचे निरोप देते. घरी फोन कराल का?” पोच आली. उत्तर एका शब्दाचं : “पाठव.”

मग आण्णा रांगेतनं फिरले. ड्रायव्हरशी ड्रायव्हरसारखं कसं बोलायचं ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. नाव, गाडीचा नंबर, घरचा फोन, आणि एक ओळ. ६७ अक्षरांत फार काही बसत नाही, पण फार काही लागतही नव्हतं. “सुखरूप आहे. जेवण मिळतंय. पाणी उतरलं की निघतो.” एकानं विचारलं, “मुलगी झाली का तेवढं विचारा.” त्याची बायको बाळंतपणाला माहेरी होती. गणेशपूरला काका पडद्यावर वाचायचे आणि मोठ्यानं सांगायचे, काकू फोन लावायच्या. काकांना ऐकू येत नाही, म्हणून फोन काकूंचा. काकूंना नवऱ्याबरोबर छावण्यांत हिंडून हिंदी चांगली येते, आणि सिकंदराबादला असताना मोडकीतोडकी तेलुगूही शिकल्या. त्या दिवशी ती उपयोगाला आली. तमिळ मात्र येईना, तेव्हा त्यांनी गल्लीतल्या एका इडलीवाल्याला बोलावून आणलं. बेळगावात वीज गेली, काकांनी रेडिओ बॅटरीवर घेतला. काही निरोप पहिल्या झटक्यात गेले. काही ॲप पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं आणि आम्ही पडद्याकडं बघत राहिलो. पावसात पोचेची ती छोटी खूण उमटली की आण्णा वहीत त्या नावापुढं बरोबरची खूण करायचे.

अंधार पडायच्या सुमारास त्या ट्रकवाल्यासाठी उत्तर आलं. मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या. आण्णा स्वतः चालत त्याच्या गाडीपर्यंत गेले आणि त्याला सांगितलं. परत येताना त्यांचा चेहरा मी बघितला. आयुष्यभर निरोप धाडणाऱ्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा एक निरोप पोचवला होता. घरी येऊन ते आईला एवढंच म्हणाले, “मामांचं काम केलं आज.” दुकानदारमामा तोवर वारले होते.

एक गोष्ट तरुण मुलींना मी मुद्दाम सांगते. एपीआरएसवर काही गुप्त नसतं. हॅम रेडिओत सांकेतिक कुलूप लावायला मनाई आहे, आणि पॅकेट ज्याला ऐकू येईल तो ते वाचू शकतो. आपण कुठं राहतो हे सगळ्या जगाला दाखवायची गरज नाही. या पद्धतीत अक्षांश-रेखांशाचे शेवटचे आकडे गाळून ठिकाण अंधुक ठेवायची सोय आहे, ती वापरा. काकांनी मला पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. घराच्या अलीकडं पॅकेट बंद करायचं, आणि रात्री एकटीनं प्रवास असेल तर जे ऐकतील अशी खात्रीची माणसं आधी ठरवून ठेवायची. माझा भाचा विचारतो, व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन असताना हे कशाला? त्याला मी तवंदीची वही दाखवते.

सीमाभागातल्या माणसाला नकाशाबद्दल थोडं जास्त वाटतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथं प्रत्येक रेघेला इतिहास आहे. आण्णांच्या गाडीनं आयुष्यभर कोगनोळीच्या नाक्यावर रांग लावली. हॅमचा नकाशा वेगळ्या रेघांनी आखलेला आहे. त्यात पृथ्वीचे चौकोन केलेत, १९८० साली इंग्लंडमधल्या मेडनहेड इथं ठरलेल्या पद्धतीनं. निपाणी, कोल्हापूर, गडहिंग्लज, संकेश्वर एका चौकोनात, एमके ७६. बेळगाव आणि काकांचं चंदगड दुसऱ्या, एमके ७५. मधली रेघ १६ अक्षांशाची, काकतीच्या पुढं कुठंतरी महामार्ग ओलांडते. आमच्या खुणेतही राज्य नाही, व्हीयू २ म्हणजे भारत एवढंच. काका मूळचे महाराष्ट्रातले, मी कर्नाटकातली, आणि हवेवर आम्ही दोघं शेजारच्या चौकोनांतली माणसं. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

काका आता ऐंशीच्या पुढं आहेत. जिना चढवत नाही, म्हणून गच्चीवरची केबल लांबवून रेडिओ खालच्या खोलीत आणला आहे. सकाळचं पॅकेट अजून निघतं. काकूंनीही परीक्षेचं पुस्तक उघडलं आहे आणि नियमांचा भाग त्यांचा पाठ झाला आहे.

तवंदीच्या पलीकडं, निपाणी बाजूला मात्र अजून आम्हाला ऐकणारं भरवशाचं केंद्र नाही. पुन्हा पाणी आलं तर कुणाला तरी पावसात घाट चढावा लागेल. भारतात बारा वर्षं पुरी झालेल्या कुणालाही हॅमची परीक्षा देता येते. अर्ज दूरसंचार खात्याच्या सरल संचार या संकेतस्थळावर भरता येतो. निपाणी, यमगर्णी, सौंदलगा, कोगनोळी, गडहिंग्लज, या भागात तुमचं घर उंचावर असेल आणि घरात एखादं शिकणारं पोर असेल, तर त्याला परीक्षेला बसवा. जुना अँड्रॉइड फोन चालतो, अँटेनेला छत्रीच्या काड्या पुरतात. मोर्स आणि बाकीचं शिकवायला मी तयार आहे, आणि काकांची सागवानी पाटी सरावाला द्यायचं त्यांनी कबूल केलं आहे.